रकाना : इतर

मक्याचे दहा दाणे प्रत्येकाच्या मुठीत.
वाळूवर पाच चित्रं, कोपऱ्यांवर शिंपले ठेवून दाबलेली,
कारण दक्षिणेचा वारा सकाळपासून सुटलाय
आणि राजधानीतून आलेल्या बाईंना तो अजून ओळखत नाही.

मी दुभाषी. याच गावची,
तोलियारात सहा वर्षं शिकून परतलेली.
बाई म्हणतात, विचार त्यांना,
प्रवाळापासून तुम्हाला लाभ काय?
जिथं जास्त, तिथं जास्त दाणे.
लाभ हा शब्द मी तोंडात घोळवते,
घासात काटा लागतोय का बघावं तसा,
आणि विचारते : खडक आपल्याला काय देतो?

"देतो?" झाफीसोआ हसते.
गालांवरचा पिवळा लेप उन्हानं तडकतो.
"देतो कुठं, पोरी? बिळात हात घालावा लागतो."
ऑक्टोपसच्या चित्रावर ती सात दाणे मांडते,
मग एक परत उचलते.
"मागच्या वर्षी दोन महिने सगळ्या बायकांनी
भाले कुडाला टेकवून ठेवले होते.
उधाणाची ओहोटी समोर, खडक उघडा पडलेला,
आणि आम्ही घरात बसून उवा काढतोय एकमेकींच्या.
हा दाणा त्या बसण्याचा.
त्याचं चित्र कुठाय?"

रेमाना दहाच्या दहा दाणे
परदेशी पाहुण्यांवर ओततो.
किती आले रे यंदा?
तिघे. एकाला माझ्या होडीत उलट्या झाल्या.
पण पैसे रोख दिले त्यानं, उलटीचेही वेगळे.

लाट अडवणाऱ्या भिंतीच्या चित्रावर
वेरोमानाचे चार. ती काही बोलत नाही.
तिचं घर तिसऱ्यांदा बांधलंय, हे बाईंना
मी सांगायला हवं होतं का, मला कळलं नाही.

तिच्या धाकट्या पोरीनं दोन दाणे ठेवले
रंगीत माशांच्या, 'सौंदर्य' लिहिलेल्या चित्रावर.
बाईंनी वहीत नोंदवायच्या आत
एका कोंबडीनं सौंदर्य खाऊन टाकलं.

त्सिहारी मात्र मूठ उघडेना.
डोळ्यांत मोतीबिंदू, हातावर दोरांचे जुने वळ.
पाचही चित्रं त्यानं बोटांनी चाचपली, कागद नुसता.
"यात आवाज नाही," म्हणाला.

चांदणं नसलेली रात्र.
पिठाच्या पोत्यांचं शीड फाटून लोंबतंय,
उलांडीचा एक बांध सुटलेला,
आणि किनारा कुठल्या अंगाला आहे
ते पाण्यालाच ठाऊक.
मग कान लावायचा.
डाव्या हाताला तो घुमतो, एकसारखा,
जात्यावर कुणीतरी बसलंय असा.
घुमता घुमता जिथं श्वास घेतो
तिथून आत शिरायचं.
"चाळीस वर्षं मी घरी आलो
ते डोळ्यांनी नाही आलो."

काय म्हणाले ते? बाई पेन उचलून.
मी म्हटलं, इतर.
'इतर'च्या रकान्यात त्यांनी दहा लिहिले.
दाणे अजून त्याच्या मुठीतच होते, घामानं ओले.

रात्री आमच्याच खोपटात बाईंची मच्छरदाणी.
वडील होडी घेऊन गेलेले,
आई दिवा न लावता जागी.
बऱ्याच वेळानं बाई कुजबुजल्या,
हा ट्रक कुठून येतोय गं? थांबतच नाही.
ट्रक नाही, मी म्हटलं.
रस्ता अकरा किलोमीटर मागेच संपला.

त्या उठून बसल्या.
जाळीतून त्यांचं डोकं एका बाजूला कललेलं दिसलं,
आजोबा कलवायचे तसं.
मग म्हणाल्या, मध्ये मध्ये खंड पडतो.
दक्षिणेला एक, छोटा.
तीच ना ती वाट?
हो.
आणि उत्तरेकडं तर बराच मोठा.
तिथूनही आत येता येतं?

आई अंधारातून म्हणाली, काय विचारतेय ती?

नाही, मी बाईंना सांगितलं.
तिथं खडक होता.